एसबी रोड ते भिरा

पुण्यात ‘एसबी रोड’ म्हटलं की रिक्षावाल्याला पुढे काही सांगावं लागत नाही. मॉल, कॉलेजं, ऑफिसं, आणि संध्याकाळी सातला न हलणारी गाड्यांची रांग. एसबी म्हणजे सेनापती बापट, इतपत बहुतेकांना ठाऊक असतं. पण कुठल्या सैन्याचे सेनापती, असं विचारलं की गाडीत शांतता पसरते. आमच्याही पसरली. मागच्या सीटवरून एक जण म्हणाला, “पेशव्यांचे असतील.”

नोव्हेंबरातला शनिवार होता. मुळशीच्या तलावाकाठाने ताम्हिणी उतरायची, खाली कोकणात जेवायचं आणि रात्री परत, एवढाच बेत. असा बेत पुण्यातले हजारो लोक दर शनिवारी करतात. ज्या रस्त्यावरून निघालो त्याचं नाव आणि ज्या तलावाकडे चाललो होतो तो तलाव यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे माझ्याही ध्यानात चांदणी चौक ओलांडल्यावर आलं. मग उरलेला दिवस त्याच्यामागे गेला.

तर, पेशव्यांचे नव्हेत. पांडुरंग महादेव बापट, जन्म १८८०, गाव पारनेर. हुशार विद्यार्थी, शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. तिथे भाषणं केली, शिष्यवृत्ती गेली. मग लंडन-पॅरिसच्या क्रांतिकारकांत मिसळले आणि पॅरिसमध्ये एका रशियन माणसाकडून बॉम्ब बनवायची विद्या घेऊन भारतात परतले. भूमिगत राहिले, पकडले गेले, सुटले. पुढे पारनेरात हातात झाडू घेऊन गावाचे रस्ते झाडत. बॉम्ब आणि झाडू दोन्ही एकाच माणसाच्या हातात शोभले, हे त्या पिढीचं वैशिष्ट्य म्हणावं की या माणसाचं, मला ठरवता येत नाही. पण ‘सेनापती’ ही पदवी त्यांना ना बॉम्बने दिली ना झाडूने. ती मिळाली मुळशीत. सैन्य होतं मावळातल्या भातशेतकऱ्यांचं आणि लढाई होती एका धरणाशी.

मुंबईतही त्यांच्या नावाचा रस्ता आहे, दादरकडून लोअर परळकडे जाणारा. त्याचं जुनं नाव तुळशी पाइप रोड, कारण तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणारा नळ त्या वाटेने जायचा. म्हणजे एका तलावाच्या पाण्याचं नाव पुसून दुसऱ्या तलावाशी भांडलेल्या माणसाचं नाव दिलं गेलं. आणि तो रस्ता जातो कुठून, तर गिरणगावातून. ज्या गिरण्यांना स्वस्त वीज हवी म्हणून सह्याद्रीत धरणं बांधली गेली, त्याच गिरण्यांच्या भिंतींना लागून. आज त्यातल्या एका गिरणीच्या जागेवर फिनिक्सचा मॉल आहे आणि त्याच्या पत्त्यात सेनापती बापट मार्ग असं लिहिलेलं असतं. रस्त्यांना नावं देणाऱ्या समितीने हे मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही. मुद्दाम करायचं म्हटलं तरी इतकं जमलं नसतं.

चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात पाडला, तेव्हा लोक मोबाईलवर ते थेट बघत होते. आता तिथे पुलांचा गुंता आहे. तो एकदा सुटला की भूगाव, भुकूम, पिरंगुट. या पट्ट्याची ओळख तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांना ‘मुळशी पॅटर्न’ या २०१८ च्या सिनेमाने करून दिली: शेती विकलेला बाप, पैसा संपलेलं घर आणि गुन्हेगारीत ओढला गेलेला मुलगा. सिनेमा बघताना वाटतं की मुळशीची जमीन जायला सुरुवात झाली ती आयटी पार्क आल्यावर. ती त्याच्या पाऊणशे वर्षं आधीच झाली होती. फरक एवढाच, की तेव्हा विकायचं की नाही हे कुणी विचारलं नव्हतं.

पिरंगुटचे कारखाने मागे पडले की पौड लागतं. तालुक्याचं नाव मुळशी, पण कचेरी पौडला. इथे मिसळ खाऊन पुढे निघालो. इथून पुढे रस्ता मोकळा होतो आणि भाताची खाचरं दिसू लागतात. नोव्हेंबरात कापणी सुरू असते. काही खाचरांत पेंढ्या उभ्या, काहींत नुसतीच धसकटं. हा आंबेमोहराचा मुलूख. शिजताना आंब्याच्या मोहराचा वास येतो म्हणून ते नाव. आता त्या नावाखाली दुकानात काय काय विकलं जातं तो वेगळा विषय आहे, त्यात शिरत नाही. सांगायचं एवढंच, की या तांदळाची चांगली जमीन खोऱ्याच्या तळाला असते, नदीलगत. डोंगरउतारावर नाचणी-वरी. धरण बांधलं की आधी बुडतो तो तळ.

माले गाव ओलांडलं आणि थोड्या वेळात उजव्या हाताला झाडांआडून पाणी दिसलं.

काय दिसतं ते लिहिण्यात अर्थ नाही, तुमच्या फोनमध्ये किमान चार रील्स असतील. निळं पाणी, त्यात घुसलेली डोंगरांची बोटं, मधे बेटासारखे उंचवटे. आम्हीही थांबलो, फोटो काढले. मित्र म्हणाला, “स्वित्झर्लंड वाटतंय.” मी म्हटलं, ते पाण्याखालचं गाव आहे. तो म्हणाला, “कुठलं?” मुळशी, मी म्हटलं. तलावाला गावाचं नाव आहे, पण ते गाव होतं ती जागा आता तलाव आहे.

धरणाच्या भिंतीवर आपल्याला असंच जाता येत नाही. लांबूनच बघायची. जवळपास दीड किलोमीटर लांब, पन्नास मीटरच्या आसपास उंच, दगडी. मुळा नदी इथे अडवली आहे. तीच मुळा, जी खाली वाकड-औंधच्या पुलाखालून जलपर्णी घेऊन वाहते आणि संगमावर मुठेला मिळते.

टाटांनी हे धरण का बांधलं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. गिरण्या कोळशावर चालायच्या आणि कोळसा लांबून यायचा. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस अडवायचा, तो पश्चिमेला कड्यावरून खाली सोडायचा आणि पडणाऱ्या पाण्यावर वीज बनवायची, ही कल्पना डेव्हिड गॉस्लिंग नावाच्या इंग्रज माणसाची. जमशेटजी टाटांनी ती उचलली. ती प्रत्यक्षात उतरायच्या आधी, १९०४ मध्ये ते वारले. १९१० मध्ये पहिली वीज कंपनी निघाली, १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीत पडून वीज मुंबईला पोचली. मग आंध्रा खोऱ्याचं पाणी भिवपुरीला. तिसरा नंबर मुळशीचा: १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली, ठरलं की मुळेचं आणि तिला इथे मिळणाऱ्या निळेचं पाणी अडवायचं आणि भिऱ्याला खाली सोडायचं.

यात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. मुळेचं पाणी मुळात पूर्वेला जाणारं. मुळा-मुठा, भीमा, कृष्णा आणि बंगालचा उपसागर. ते या धरणाने उलटं फिरवलं आणि अरबी समुद्राकडे पाठवलं. नदीची दिशाच बदलली. गेली काही वर्षं पुणे-पिंपरीचे लोक, मुळशीचं पाणी आम्हाला पिण्यासाठी द्या, असं म्हणतात, त्याचं मूळ इथे आहे. शंभर वर्षांपूर्वी वीज महत्त्वाची होती, आता पाणी महत्त्वाचं झालं. ज्यांचं शेत त्या पाण्याखाली आहे त्यांचा विचार दोन्ही वेळी तिसऱ्या नंबरवर.

१९२० मध्ये कंपनीची माणसं खोऱ्यात आली आणि त्यांनी चाचणीचे खड्डे खणायला सुरुवात केली. शेतं अजून शेतकऱ्यांची होती, ताब्यात घेण्याचा सोपस्कार व्हायचा होता. खड्डे मात्र खणून झाले. मग सरकार मदतीला आलं, १८९४ चा भूसंपादन कायदा घेऊन. त्या कायद्यात ‘सार्वजनिक हित’ असा शब्द होता आणि खाजगी कंपनीसाठीही जमीन घेण्याची सोय होती. हित सार्वजनिक आहे की नाही हे ठरवणार सरकार. शेतकऱ्याला वाद घालायचा तर तो फार तर किमतीवर. ५२ गावं आणि सुमारे ११ हजार माणसं या धरणाच्या तावडीत येणार होती.

मावळातल्या माणसांनी पुण्याकडे धाव घेतली. पुण्यात तेव्हा टिळक नुकतेच गेलेले, गांधी आलेले आणि टिळकांच्या माणसांना आपण आता करायचं काय हा प्रश्न पडलेला. त्यांना मुळशी सापडलं, असं थोडं वाकडं बोलून म्हणता येईल. न. चिं. केळकर, शिवरामपंत परांजपे अशी मोठी नावं सभांना गेली. प्रत्यक्ष खोऱ्यात राहून, वाड्यावस्त्या पालथ्या घालून लोकांना उभं केलं ते विनायकराव भुस्कुट्यांनी. आणि बापटांनी. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’.

१६ एप्रिल १९२१. रामनवमी. सुमारे बाराशे मावळे, बाया, पोरं धरणाच्या जागेवर जाऊन बसली. काम बंद पडलं. नुसतं बसून.

आज ‘धरणं धरणे’ हा वाक्प्रचार आपण इतका वापरतो की त्यातला विनोद जाणवत नाही. इथे माणसांनी धरणावरच धरणं धरलं होतं. चंपारणला जाऊन चारच वर्षं झाली होती, सत्याग्रह हा शब्द अजून नवा होता. समोरचा पक्ष सरकार नव्हता, की निदान एकटं सरकार नव्हतं. समोर होती एक भारतीय कंपनी, जिच्या पोलाद कारखान्याचा स्वदेशीवाल्यांना अभिमान वाटायचा. इंग्रज अन्याय करतो तेव्हा काय करायचं हे लोक शिकत होते. आपलाच उद्योगपती, देशाच्या प्रगतीसाठी म्हणून, इंग्रजाचा कायदा हातात घेऊन दारात आला तर काय करायचं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. वर्तमानपत्रांत तेव्हा जे मुद्दे मांडले गेले (वीज नको का, कारखाने नकोत का, मूठभरांसाठी सगळ्यांची प्रगती अडवायची का) ते वाचताना ही चर्चा गेल्या आठवड्यातली वाटते.

गांधींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त लिहिलं. टाटांनी कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलावं, असा त्यांचा सूर होता. पण ते या लढ्यात स्वतः उतरले नाहीत. बापटांच्या सत्याग्रहाची त्यांना खात्री वाटत नव्हती आणि पुढे जे झालं ते बघता, त्यांच्या बाजूने पाहिलं तर, ते बरोबर होते.

१ मे १९२१ ला तडजोड झाली: सहा महिने काम थांबवायचं. लोकांना विजय वाटला. मला ही तारीख वाचली की हसू येतं आणि वाईटही वाटतं. मे सरला की मुळशीत पाऊस येतो. ताम्हिणीच्या या माथ्यावर जुलै २०२४ मध्ये एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला होता. अशा ठिकाणी पावसाळ्यात धरणाचं बांधकाम किती होतं ते कुणीही सांगेल. कंपनीने जो काळ सोडला त्यातला बराचसा तसाही तिच्या उपयोगाचा नव्हता. डिसेंबरात सगळं पुन्हा सुरू झालं, कामही आणि सत्याग्रहही.

या दुसऱ्या फेरीत सरकार सावध होतं. आता पकडापकड होती, खटले होते, येरवडा होतं. शिवरामपंत परांजपे सहा महिने आत गेले. मावळातल्या बायाही तुरुंगात गेल्या, आणि त्या काळात खेड्यातल्या बाईने तुरुंगात जाणं म्हणजे काय, ते घरोघरी वेगळं सांगायला नको. बापट आत-बाहेर करत राहिले. तरी भिंत वर चढत राहिली.

रस्त्याने पुढे निघालो तसं पाणी उजवीकडे सोबतच होतं. कधी दूर, कधी इतकं जवळ की कठड्यावरून वाकलं की दिसेल. मधूनच पाट्या: लेक व्ह्यू, लेक साइड, लेक टच. बंगल्यांच्या प्लॉटच्या जाहिराती, रिसॉर्ट. आणि मधेच एखादी वाडी. पाणी चढलं तसं ज्यांना खोरं सोडून लांब जायचं नव्हतं, ती माणसं उतारावर वर सरकली, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं अजून तिथे आहेत. समोर अथांग पाणी आणि हातात डोंगरउतारावरचं वरकस. गावठाण, रस्ता, घराखालच्या जागेचा कागद, हे प्रश्न या काठच्या लोकांनी वर्षानुवर्षं मांडले आहेत.

पण लढा का हरला, हे फक्त टाटा आणि सरकार असं सांगून संपवलं तर ते खोटं होईल. निदान पुण्यात बसून लिहिताना तरी.

राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा बारकाईने अभ्यास केला. आधी मराठीत पुस्तक लिहिलं, मग इंग्रजीत. इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्यांनी याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय. त्यांच्या मांडणीतला मला सगळ्यात बोचलेला भाग सावकारांचा आहे. मुळशीच्या खोऱ्यातली बरीच जमीन तोवर कसणाऱ्याच्या नावावर राहिलीच नव्हती. ती कर्जापायी पुण्यातल्या सावकारांकडे गेली होती. मावळा आपल्याच बापाच्या शेतात कूळ म्हणून राबत होता. आता सरकार जमिनीची भरपाई देणार ती कुणाला? मालकाला. सावकाराला ही जमीन तशी अडचणीचीच, डोंगरातली, वसुलीला त्रास देणारी. तिचे रोख पैसे मिळत असतील तर त्याला धरण नको कशाला असेल? त्याचं भांडण दराचं होतं. मावळ्याचं भांडण जमिनीचं. दोघं एकाच सभेत बसून ‘जान किंवा जमीन’ म्हणत होते आणि दोघांच्या मनात वेगवेगळं चाललं होतं.

सावकार बहुतांशी पुण्यातले ब्राह्मण, चळवळीचे पुढारीही बहुतांशी पुण्यातले ब्राह्मण. ते दिवस ब्राह्मणेतर चळवळीचे. हे पुढारी कुणासाठी लढतायत, असा संशय यायला फार काही लागत नव्हतं. बापट आणि भुस्कुटे यांच्याबद्दल तो संशय अन्याय करणारा आहे. त्यांनी आयुष्यातली वर्षं तुरुंगाला दिली, भरपाईतला एक आणा त्यांना मिळणार नव्हता. पण पुण्यात असे दोघं-चौघंच निघाले. बाकीच्या पुण्याने आधी सहानुभूती दिली, मग सल्ला दिला, आणि शेवटी पैसे घेतले. एकेक मावळा भरपाई घेऊन बाजूला होत गेला तेव्हा त्याला दोष देणारेही पुण्यात होते. ज्याच्याकडे घेण्याजोगं थोडंच होतं त्याने ते घेतलं.

व्होरांच्या ‘पहिलं’ या शब्दावर एक आक्षेप घेता येतो. अमेरिकेत जॉन म्यूरने योसेमिटीतली हेच हेची नावाची दरी धरणापासून वाचवायचा प्रयत्न मुळशीच्या दहा वर्षं आधी केला होता, तोही हरला. १९१३ मध्ये धरणाला परवानगी मिळाली. पण तिथला मुद्दा दरीच्या सौंदर्याचा होता, निसर्ग बुडतोय हा. मुळशीत निसर्ग किती सुंदर आहे यावर कुणी सत्याग्रह केला नव्हता. चूल बुडतेय, देव बुडतोय, खाचर बुडतंय, हा मुद्दा होता. बुडणाऱ्या माणसांनी स्वतः उभं राहून धरण अडवलं, या अर्थाने पहिलेपणाचा मान मुळशीला द्यायला माझी हरकत नाही. आणि गंमत अशी की हे सगळं झाल्यावर उरला तो देखावा, ज्यासाठी आम्ही चौघं सकाळी उठून आलो होतो.

शेवट बापटांनी आपल्या पद्धतीने केला. डिसेंबर १९२४. आंदोलन विझत आलेलं. लोक थकलेले. बापटांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरची आगगाडी अडवली. ही अडवणूक गांधींच्या अहिंसेत बसणारी नव्हती आणि बसवायचा त्यांचा प्रयत्नही नव्हता. ते आपल्या मार्गाला ‘शुद्ध सत्याग्रह’ म्हणत. शिक्षा झाली सात वर्षांची. सुटले १९३१ मध्ये. तोवर भिंत पूर्ण झाली होती, खोरं भरलं होतं आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईला जात होती. ज्या धरणासाठी तुरुंगात गेलो ते भरून वाहतंय हे बाहेर येऊन बघायचं, ही कल्पना मी रस्त्याच्या कडेला उभं राहून करून बघितली, नीट करता आली नाही.

निवे गावाशी एक फाटा उजवीकडे फुटतो, भांबर्डे-आंबवण्यावरून लोणावळ्याला जाणारा. वेळ कमी असेल किंवा घाट उतरायचा नसेल तर तिकडून वळसा घालून परत जाता येतं. वाटेत कोरीगड आहे, १८१८ च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथरने घेतलेला. तलावाच्या काठावर कैलासगड आहे, फारसं कुणी जात नाही असा. आम्ही मात्र सरळ ताम्हिणीकडे गेलो. गावात विंझाई देवीचं देऊळ आहे, अनेक सीकेपी घराण्यांची ही कुलदेवी, म्हणून लांबलांबून माणसं येतात. देवळाशी सावली होती, गार पाणी होतं. तिथे अर्धा तास बसलो.

मग घाट. पावसाळ्यात इथे गाडी लावायला जागा नसते, दर वळणाला धबधबा आणि त्याच्याखाली कुणाचा तरी वाढदिवस. नोव्हेंबरात शांत होता. उतरता उतरता कान बंद झाले आणि हवा दमट झाली. साधारण पाचशे मीटर खाली आलो होतो. पाणी याच उताराचं मोल देतं. वर तलावातून ते डोंगराच्या पोटातल्या बोगद्यात शिरतं, कड्यावरून लोखंडी नळांतून खाली येतं आणि भिऱ्याला जनित्रं फिरवतं. आम्हाला उतरायला पाऊण तास लागला.

विळ्याला जेवलो, सुरमई होती, ताजी होती. तिथून भिरा जवळ आहे. गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल ते देवकुंडच्या ट्रेकमुळे, पावसाळ्यात जिथे जायला प्रशासन बंदी घालतं आणि तरी लोक जातात. वीजकेंद्र आतून बघायला मिळत नाही. बाहेरून डोंगराकडे पाहिलं की उतारावर नळ दिसतात, वरून खाली सरळ रेघा ओढल्यासारखे. ते बघत बराच वेळ उभे होतो. सकाळी पेशव्यांचा सेनापती म्हणणारा मित्र म्हणाला, “म्हणजे मुळशीचं पाणी हे.” हो, हेच.

गाडीत परत बसल्यावर त्याने फोनवर कायदा शोधायला घेतला. १८९४ चा कायदा रद्द कधी झाला? नवा कायदा झाला २०१३ मध्ये आणि लागू झाला १ जानेवारी २०१४ पासून. त्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधितांची संमती लागते असं आलं. महाराष्ट्राने धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा त्याच्या बराच आधी, १९७६ मध्ये केला होता, देशात पहिल्यांदा. म्हणजे मुळशी भरल्यावर जवळपास पन्नास वर्षांनी पुनर्वसन हा शब्द कायद्यात आला आणि नव्वद वर्षांनी संमती हा शब्द. मधल्या काळात कोयना, पानशेत, पवना, उजनी. तो आकडे वाचत होता. कुणी काही बोललं नाही.

कोलाडच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं. कुंडलिका नदीवर राफ्टिंगचे तळ आहेत, रंगीत रबरी बोटी उपड्या घालून ठेवलेल्या. आमच्यातल्या दोघांनी दोन वर्षांपूर्वी इथे राफ्टिंग केलं होतं, कॉलेजच्या ग्रुपबरोबर. तेव्हा पाणी उसळत होतं, आता पात्रात गुडघाभर होतं, दगड उघडे, एक बाई कपडे धूत होती. इतकं कमी कसं, असं तिथल्या एका पोराला विचारलं. तो बोटींत हवा भरत होता. म्हणाला, वरून वीज बनवून झाली की पाणी सोडतात, त्यावर चालतं सगळं. उद्या सकाळी या, लवकर या, दहानंतर काही उपयोग नाही.